हुर्योचा अर्थ आणि आमचा तटस्थ वाचक

काही महिन्यांपूर्वी आमच्या वाचनमंडळात ‘द फायनल क्वार्टर’ हा इयन डार्लिंग यांचा २०१९ सालचा माहितीपट दाखवण्यात आला. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळणाऱ्या अ‍ॅडम गुड्स या आदिवासी खेळाडूच्या कारकिर्दीची अखेरची तीन वर्षे हा त्याचा विषय. माहितीपटात निवेदक नाही, नव्याने घेतलेली एकही मुलाखत नाही. त्या काळातील दूरचित्रवाणीची चित्रणे, रेडिओवरची वक्तव्ये आणि वृत्तपत्रांतील मजकूर एवढ्याच सामग्रीतून तो रचलेला आहे. तो संपल्यावर मंडळातील एक ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांच्या व्यासंगाविषयी आम्हांला आदर आहे, म्हणाले, “प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली हे खरे. पण हुर्यो हा संदिग्ध पाठ आहे. त्याची अनेक वाचने संभवतात, वर्णद्वेष हे त्यांपैकी एक.” सभेने माना डोलावल्या. आम्हीही त्या वेळी काही बोललो नाही. चहा आला आणि विषय बदलला.

त्या दिवशी न दिलेले उत्तर येथे देत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, अनेकार्थतेचे तत्त्व जेथे वाचकाला अधिक बारकाईने वाचायला लावते तेथे ते साहित्यविचाराचे भूषण आहे, आणि जेथे ते वाचण्याच्या श्रमातून सुटका करून देते तेथे ती निव्वळ पळवाट आहे. गुड्सच्या वाट्याला आलेल्या हुर्योला संदिग्ध म्हणणे हे दुसऱ्या प्रकारात मोडते. ही चूक एखाद्या क्रीडासमालोचकाने केली तर समजू शकते. ज्याचे काम संदर्भासहित स्पष्टीकरण शिकवण्याचे आहे त्याने ती करू नये.

वाचकांपैकी अनेकांना हा खेळ अपरिचित असणार, म्हणून दोन शब्द. क्रिकेटमुळे आपल्या ओळखीचे असलेले मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हिवाळ्यात या खेळाचे असते. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, चार सत्रे. चेंडू पायाने मारता येतो, हाताने ठोसून पुढे देता येतो, आणि प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर चढून हवेतल्या हवेत झेलताही येतो. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू गेला तर ६ गुण, बाजूच्या खांबापर्यंतच्या जागेतून गेला तर १ गुण. या खेळाचे पहिले लिखित नियम मे १८५९ मध्ये मेलबर्न येथे तयार झाले. ते करणाऱ्यांत टॉम विल्स हा प्रमुख होता आणि त्याचे बालपण पश्चिम व्हिक्टोरियात, तेथील आदिवासी मुलांच्या संगतीत गेले होते. हा तपशील पुढे आपल्याला लागणार आहे.

आता कारकीर्द. गुड्सचा जन्म ८ जानेवारी १९८० चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातील वॉलारू गावचा. आई आदिवासी, अड्न्यामाथान्हा आणि नारुंगा या समूहांतली. वडील युरोपीय वंशाचे. आईला लहानपणीच तिच्या कुटुंबापासून शासनाने तोडले होते. ज्या हजारो आदिवासी मुलांना असे उचलून नेण्यात आले त्यांना तेथे ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात. या धोरणावरील राष्ट्रीय चौकशीचा ‘ब्रिंगिंग देम होम’ हा अहवाल १९९७ मध्ये संसदेपुढे आला, आणि त्याच वर्षी सिडनी स्वान्स या संघाने गुड्सला ‘ड्राफ्ट’मध्ये ४३ व्या क्रमांकावर निवडले. ड्राफ्ट म्हणजे नवोदित खेळाडूंची वाटणी. खेळाडूने संघ निवडायचा नाही, संघाने खेळाडू निवडायचा, आणि सतराअठरा वर्षांच्या मुलाने सांगितलेल्या शहरात जाऊन राहायचे. १९९८ हे वर्ष राखीव संघात गेले. १९९९ मध्ये पदार्पण झाले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित म्हणून ‘रायझिंग स्टार’ हा सन्मान मिळाला. २००३ मध्ये त्याला ब्राउनलो पदक मिळाले, ते अन्य दोघांसह विभागून. २००६ मध्ये पुन्हा मिळाले, ते एकट्याला. २००५ आणि २०१२ या दोन विजेत्या संघांत तो होता. २०१२ च्या अंतिम सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध दुखावलेला असताना तो खेळत राहिला आणि शेवटच्या सत्रात त्याने मोलाचा गोल केला. सिडनीने तो सामना १० गुणांनी जिंकला. २०१५ मध्ये तो थांबला तेव्हा त्याच्या नावावर ३७२ सामने आणि ४६४ गोल होते. तोवर इतके सामने कोणत्याही आदिवासी खेळाडूने खेळलेले नव्हते.

ब्राउनलो पदकाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. ते नुसत्या ‘उत्कृष्ट’ खेळाडूला मिळत नाही. ‘सर्वांत न्याय्य आणि उत्कृष्ट’ असे त्याचे शब्द आहेत, आणि मते प्रत्येक सामन्यानंतर पंच देतात. ज्याला गैरवर्तनासाठी त्या हंगामात निलंबित केले गेले तो अपात्र ठरतो. हेही लक्षात असू द्यावे.

एवढ्यावर थांबलो तर ही एक आदर्श चरित्रकथा होते. गरिबी, कष्टाळू आई, गावोगावची भटकंती, अंगभूत गुण, एका प्रशिक्षकाची नजर, पदके आणि शेवटी टाळ्या. कारकीर्द हा एक वाङ्मयप्रकारच आहे आणि त्याच्याही अटी आहेत. पहिल्या प्रकरणात नायकाने सोसावे, मधल्या प्रकरणांत त्याने कर्तृत्व दाखवावे आणि अखेरच्या प्रकरणात त्याने आभार मानावेत. आभार कोणाचे? ज्यांनी त्याला वर येऊ दिले त्यांचे. गुड्सने पहिल्या दोन अटी काटेकोर पाळल्या. तिसरी मोडली, आणि ती मोडताच वाचक बिथरला.

हे अकस्मात घडले नाही. गुड्स हा खेळाडू असण्याबरोबरच लिहिणाराही आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्याच्याकडे पाहण्याचे हेही एक कारण आहे. २००८ मध्ये खेळाला दीडशे वर्षे झाल्यानिमित्त एक अधिकृत इतिहासग्रंथ निघाला. त्यात गुड्सचा एक निबंध आहे. आदिवासींचा मार्नग्रूक नावाचा चेंडूचा खेळ आणि हा खेळ यांच्यात नाते आहे असे आपण मानतो, असे त्याने त्यात लिहिले. त्याच ग्रंथात गिलियन हिबिन्स या इतिहासकार बाईंचा लेख आहे आणि त्यात या कल्पनेला त्यांनी शीर्षकातच मोहक मिथक म्हटले आहे. पुरावा नाही, हा त्यांचा मुद्दा. आणि विल्सने आदिवासींच्या खेळातून नियम घेतल्याचा लेखी पुरावा नाही, हे खरेच आहे. परंतु लेखी पुरावा कोण ठेवत होते, हा प्रश्न त्याच्या शेजारीच उभा आहे. १८५७ च्या सुमारास विल्यम ब्लांडोव्स्की या निसर्ग-संशोधकाने मरे नदीकाठच्या मर्बिन परिसरात जे पाहिले त्यावरून तयार झालेल्या एका चित्रात आदिवासी मुले चेंडू पायाने उडवताना दिसतात. त्याच मर्बिनला गुड्स लहानपणी राहत होता, आणि सॉकर सोडून तो या खेळाकडे वळला तोही तेथेच. योगायोग हा पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या खेळात तो शिखरावर होता त्या खेळात आपण पाहुणे नाही, घरचे आहोत, एवढे तो म्हणत होता. पाहुण्याने आभार मानायचे असतात. घरच्या माणसाकडून ती अपेक्षा कोणी करत नाही. वादाचे मूळ या फरकात आहे असे आम्हांला वाटते.

२४ मे २०१३. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, कॉलिंगवुडविरुद्धचा सामना. आदिवासींच्या योगदानाचा गौरव करण्यासाठी लीगने राखून ठेवलेली ती फेरी होती. सामना संपत आला असताना कुंपणाजवळच्या एका प्रेक्षकाने गुड्सला ‘एप’ म्हटले. एप म्हणजे माकड. ज्या देशात एकोणिसाव्या शतकातील तथाकथित वंशशास्त्राने आदिवासींना माणूस आणि माकड यांच्या मधल्या पायरीवर बसवले होते, आणि जेथे जनगणनेत त्यांना न मोजण्याचे राज्यघटनेतील कलम १९६७ च्या सार्वमतानंतरच गेले, तेथे हा शब्द साध्या शिवीसारखा ऐकू येत नाही. गुड्सने बोट दाखवून सुरक्षारक्षकांना ती व्यक्ती दाखवली. ती तेरा वर्षांची मुलगी निघाली. दुसऱ्या दिवशी पत्रकारांपुढे तो म्हणाला की दोष तिचा नाही, ती ज्या वातावरणात वाढली त्याचा आहे, आणि लोकांनी तिला आधार द्यावा. तिने त्याची माफी मागितली. पाचच दिवसांनी कॉलिंगवुडचे अध्यक्ष एडी मॅग्वायर यांनी रेडिओवर, ‘किंग काँग’ या संगीतिकेच्या जाहिरातीसाठी गुड्सला वापरता येईल अशा आशयाचा विनोद केला. नंतर त्यांनीही माफी मागितली. मुलीला तो शब्द कोठून मिळाला असेल, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये गुड्सला ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्या वर्षभरात तो बोलत राहिला. २६ जानेवारी हा राष्ट्रीय दिन आदिवासींना आक्रमणाचा दिवस का वाटतो, जॉन पिल्जर यांच्या ‘यूटोपिया’ या माहितीपटाविषयी माध्यमे गप्प का, यांवर तो बोलला आणि त्याने लिहिलेही. मैदानावर हुर्यो वाढू लागली. २९ मे २०१५ रोजी, पुन्हा आदिवासी फेरीतच, कार्ल्टनविरुद्ध गोल केल्यावर त्याने किशोरवयीन आदिवासी खेळाडूंकडून शिकलेले युद्धनृत्य केले आणि शेवटी प्रतिस्पर्धी प्रेक्षकांच्या दिशेने एक काल्पनिक भाला फेकल्याचा अभिनय केला. त्यानंतर चेंडू त्याच्या हाती आला रे आला की हुर्यो, हे जवळजवळ ठरून गेले. जुलैच्या अखेरीस पर्थ येथील सामन्यात ती इतकी झाली की सहखेळाडू लुइस जेट्टा याने गोल केल्यावर स्वतः तेच नृत्य केले. पुढच्या आठवड्यात गुड्स खेळलाच नाही. सिडनीच्या प्रेक्षकांनी तिसऱ्या सत्राच्या सातव्या मिनिटाला उभे राहून टाळ्या वाजवल्या, कारण त्याच्या जर्सीचा क्रमांक ३७ होता. तो परत आला, हंगाम पुरा केला आणि १९ सप्टेंबर २०१५ च्या पराभवानंतर कपडे बदलण्याच्या खोलीत सहकाऱ्यांना सांगून निवृत्त झाला. अंतिम सामन्याच्या दिवशी निवृत्त खेळाडूंची मैदानावरून मिरवणूक निघते. त्यात तो नव्हता.

आता पूर्वपक्ष. तो प्रामाणिकपणे मांडणे आमचे कर्तव्य आहे, कारण तो केवळ गुंडांचा पक्ष नाही. सभ्य, सुशिक्षित, वर्णद्वेष मनापासून नाकारणाऱ्या माणसांनी तो मांडला आहे.

पहिला आक्षेप: गुड्स फ्री किक मिळवण्यासाठी खोटेच पडतो, म्हणून लोक चिडतात. असे मानू की तो कधी कधी पडत असेल. पण तो १९९९ पासून खेळत होता, आणि जे पंच असे प्रकार सर्वांत जवळून पाहतात त्यांनीच त्याला दोनदा ‘सर्वांत न्याय्य आणि उत्कृष्ट’ ठरवले. खेळण्याची ही पद्धत कारण असती तर हुर्यो २००३ मध्ये दिसायला हवी होती. ती २०१३ नंतर वाढत गेली आणि मे २०१५ नंतर शिगेला पोहोचली. शिवाय फ्री किकसाठी पडणारे खेळाडू प्रत्येक संघात असतात. त्यांपैकी कोणालाही वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या संघांच्या समर्थकांकडून, आठवड्यामागून आठवडा ही वागणूक मिळाली नाही.

दुसरा आक्षेप: त्याने एका लहान मुलीची बदनामी केली. बोट दाखवताना तिचे वय त्याला ठाऊक नव्हते. तिचा चेहरा घरोघरी नेला तो कॅमेऱ्याने. आणि ठाऊक झाल्यावर त्याने काय केले हे आम्ही वर सांगितले आहे. येथे कथनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट टिपून ठेवावी. एका आठवड्यात कथेतील पीडित बदलला. ज्याला शिवी दिली तो आक्रमक झाला आणि जिने दिली ती बळी ठरली. मूळ घटना तीच राहिली, निवेदकाने केवळ सुरुवातीचे वाक्य बदलले. कथा शिवीपासून सुरू न करता बोट दाखवण्यापासून सुरू केली की हे आपोआप साधते.

तिसरा आक्षेप: ते नृत्य धमकावणारे होते. भाला काल्पनिक होता. न्यूझीलंडचा रग्बी संघ प्रत्येक सामन्याआधी हाका करतो, आणि प्रतिस्पर्धी समोर उभे राहून तो आदराने पाहतात. आदिवासी फेरीत लीग स्वतःच आदिवासी नक्षीच्या जर्सी काढते, सामन्यापूर्वी नृत्ये ठेवते. ती कोणाला धमकी वाटत नाहीत, कारण ती आयोजकांच्या परवानगीने आणि ठरलेल्या वेळी होतात. गुड्सचे नृत्य न विचारता झाले. तीच संस्कृती कार्यक्रमपत्रिकेत असली की शोभा वाढवते आणि एखाद्या माणसाच्या मुखातून विधान म्हणून आली की उद्धटपणा ठरते. हा न्याय आम्हांला अपरिचित नाही.

चौथा आक्षेप: खेळात राजकारण आणू नये. हे म्हणणारे २५ एप्रिलला, म्हणजे अँझॅक दिनाला, सैनिकांच्या स्मरणार्थ होणारा सामना मोठ्या भक्तिभावाने पाहतात. १९९५ साली सुरू झालेल्या त्या सामन्यातच मायकेल लाँग या आदिवासी खेळाडूने, आपल्याला वांशिक शिवी दिल्याची तक्रार केली आणि त्यातूनच लीगला वर्णद्वेषी शिवीगाळीविरुद्धचा नियम करावा लागला. त्याच्या दोन वर्षे आधी, १७ एप्रिल १९९३ रोजी, निकी विनमारने प्रेक्षकांच्या शिव्या ऐकल्यावर जर्सी वर उचलून आपल्या काळ्या त्वचेकडे बोट दाखवले होते. ते छायाचित्र आज त्या देशातील सर्वांत प्रसिद्ध क्रीडाछायाचित्रांपैकी एक आहे, आणि पर्थमध्ये त्या क्षणाचा पुतळाही उभा आहे. त्याच देशाने गुड्सच्या बोटाला राजकारण म्हटले.

पाचवा आक्षेप, जो आमच्या प्राध्यापक मित्रांचा आहे: हुर्यो उडवणारा प्रत्येक माणूस वर्णद्वेषी नव्हता, त्यांच्या मनात काय होते हे आपल्याला कसे कळणार? हा आक्षेप सर्वांत सभ्य आहे आणि आमच्या मते सर्वांत घातक आहे.

आपण काव्यशास्त्रात काय शिकवतो? अभिधा, लक्षणा, व्यंजना. हुर्योला अभिधा नाही, कारण तिच्यात शब्दच नाही, नुसता आवाज आहे. म्हणजे तिचा जो काही अर्थ आहे तो व्यंजनेने येणार. आणि व्यंग्यार्थ कशावरून ठरतो याची यादी मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त देऊन ठेवली आहे: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, काकु म्हणजे स्वर कसा, शेजारी कोण आहे, प्रसंग कोणता, स्थळ कोणते, काळ कोणता. ‘सूर्य मावळला’ हे उदाहरण आपण सर्वांनी परीक्षेत लिहिले आहे. गुराख्याला त्याचा अर्थ गुरे परत वळवा, अभिसारिकेला त्याचा अर्थ निघायची वेळ झाली. या वाक्याला अनेक अर्थ आहेत याचा अर्थ कोणत्याही प्रसंगी कोणताही अर्थ चालतो असा मम्मटाने कोठेही काढलेला नाही. उलट, प्रसंग ठरला की अर्थ ठरतो, हे दाखवण्यासाठीच ते उदाहरण आहे. आमच्या मित्रांनी अर्धे उदाहरण लक्षात ठेवले.

यादी लावून पाहू. बोलणारा: समूह, ज्याच्यात बहुसंख्याक समाजाचा माणूस आपले नाव न सांगता बोलू शकतो. ऐकणारा: तो एक खेळाडू, ज्याने आपल्या लोकांच्या इतिहासाविषयी तोंड उघडले. स्वर: एखाद्या चुकीनंतर उठून विरणारा नव्हे, तर त्याने चेंडूला स्पर्श केला की उठणारा, म्हणजे त्याच्या कृतीला नव्हे, त्याच्या असण्याला दिलेला. शेजारी: पर्थच्या सामन्यात वांशिक शिवीगाळीसाठी प्रेक्षकाला मैदानाबाहेर काढावे लागले होते. केवळ फ्री किकसाठी हुर्यो उडवणाऱ्या सज्जनाचा आवाज त्या शिवीत मिसळून मैदानावर पोहोचत होता, आणि मैदानावरून ते दोन आवाज वेगळे ऐकू येत नाहीत. प्रसंग, स्थळ, काळ: शिवीनंतर, भाषणांनंतर, नृत्यानंतर. एवढे संदर्भ एका दिशेला बोट दाखवत असताना जो वाचक अर्थ संदिग्ध आहे म्हणतो त्याला आम्ही तटस्थ म्हणणार नाही. त्याने यादीच वाचलेली नाही.

आणि व्यक्तीच्या हेतूचा प्रश्न? एका टप्प्यानंतर तोही उरत नाही. आपल्याला हे वर्णद्वेषी वाटते, त्रास होतो, हे गुड्सच्या बाजूने, अन्य आदिवासी खेळाडूंकडून, जाहीरपणे सांगितले गेले होते. त्यानंतर जो मैदानावर जाऊन हुर्यो उडवतो त्याला आपल्या आवाजाचा अर्थ ठाऊक आहे. मनात काहीही असो, ऐकणाऱ्यापर्यंत काय पोहोचणार हे जाणून तो बोलतो आहे. लेखकाचा हेतू म्हणजे कृतीचा अर्थ नव्हे, हे गेली कित्येक दशके आपण वर्गात घोकून घेतो. मग नेमके येथे, जेथे त्याचा उपयोग एका माणसाला होणार होता, तेथे हेतू पुन्हा सिंहासनावर कसा बसला?

लीगचे काय? २०१५ मध्ये तिने स्पष्ट शब्द वापरायला टाळाटाळ केली. त्या आवाजाचे नाव न घेता आदर राखा, सौहार्द राखा, असे आवाहन करणे हा संस्थांचा आवडता वाक्प्रयोग असतो. जून २०१९ मध्ये, डार्लिंग यांचा माहितीपट येण्याच्या सुमारास, लीग आणि तिचे १८ संघ यांनी माफी मागितली. वर्णद्वेषाला वर्णद्वेष म्हणण्यात आपण कमी पडलो, असे त्या माफीत कबूल केले. म्हणजे जो पाठ संदिग्ध होता त्याचा अर्थ लीगला चार वर्षांनी लागला. खेळाडू निघून गेल्यावर, त्याच्या नावाने टाळ्या वाजवायला काही खर्च उरला नाही तेव्हा, तो लागला. २०२१ मध्ये त्याला खेळाच्या सन्मानदालनात घेण्याचे ठरले आणि त्याने नम्रपणे नकार दिला.

हा नकार आम्हांला त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो, दोन पदकांहूनही. कारण कारकीर्द या वाङ्मयप्रकाराला शेवट हवा असतो, आणि तो शेवट समेटाचा असला की वाचकाला झोप चांगली लागते. सन्मानदालनातील त्याच्या तसबिरीखाली मधल्या तीन वर्षांचा उल्लेख एका ओळीत झाला असता, कदाचित ‘कठीण काळ’ असा. त्याने ती ओळ लिहू दिली नाही. गेली काही वर्षे तो मुलांसाठी पुस्तके लिहितो आहे. २०२१ मध्ये एली लेंग यांच्यासह लिहिलेले त्यांतले पहिले पुस्तक, ही जमीन कोणाचीच नव्हती या वसाहतवादी समजुतीचे उत्तर लहान मुलांना सांगते. २००८ च्या निबंधात जे म्हणणे होते तेच येथे अधिक सोप्या भाषेत आहे. शिवी देणारी मुलगी तेरा वर्षांची होती हे आठवले की, त्याने हा वाचक का निवडला असावा हे कळते.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना या दूरच्या प्रकरणाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. गुड्सची कथा आपल्याकडची आहे असा दावा आम्ही करत नाही. ऑस्ट्रेलियातील वसाहतवाद आणि आपल्याकडची जात यांचे इतिहास वेगळे आहेत, आणि एकावर दुसरा चिकटवणे हा आळस होईल. आम्ही फक्त आपल्या वाचनसवयींविषयी बोलतो आहोत. दलित आत्मकथने आली तेव्हा त्यांतील सोसण्याच्या वर्णनांवर आपल्या समीक्षेने ‘जिवंत’, ‘दाहक’, ‘अस्सल’ अशी विशेषणे उधळली. त्याच लेखकांनी पुढे वाद घातला, हक्क सांगितला, तेव्हा ‘आक्रस्ताळे’, ‘प्रचारकी’, ‘कलात्मक अंतर नसलेले’ हे शब्द बाहेर आले. आमच्यापैकी काहींनी विद्यार्थिदशेत हे शब्द उत्तरपत्रिकांत लिहून गुणही मिळवले आहेत. सोसणारा नायक चालतो, बोट दाखवणारा चालत नाही, ही अट आपल्याही वाङ्मयप्रकारात आहे. वाचनमंडळात त्या दिवशी ज्या माना डोलावल्या त्या याच सवयीने डोलावल्या, आमच्या मानेसकट.

म्हणून आमची शिक्षकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी व्यंजना शिकवताना ‘सूर्य मावळला’ बरोबर हेही उदाहरण घ्यावे. मैदानावर एक माणूस धावतो आहे, चेंडू त्याच्या हाती येतो आणि हजारो लोक शब्दाविना ओरडतात. विद्यार्थ्यांपुढे मम्मटाची यादी ठेवावी आणि अर्थ विचारावा. कोणी ‘संदिग्ध’ असे उत्तर लिहिले तर त्याला गुण देण्यापूर्वी, त्याने यादीतील किती घटक तपासले हे पाहावे. आमच्या प्राध्यापक मित्रांनाही आम्ही हा लेख पाठवत आहोत. त्यांचे उत्तर आले तर ते याच जागी, एका शब्दाचीही काटछाट न करता, छापू.